गोल अनुस्वार

७ सप्टेंबर, रविवार

प्रिय ताई,

आधी मागच्या पानाची चूक. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दोन ऑगस्टच्या शनिवारी डब्यात एक चिठ्ठी जास्त सापडली. सापडली नाही. ती मी लिहून टाकली होती.

आई घरी शिकवायची तेव्हाचा तिचा नियम तू विसरली नसशील. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट टाकून आपण बसायचो आणि नवं पान सुरू करण्याआधी मागच्या पानावर काय चुकलं ते वर लिहायचो, तारीख घालून. तू तीन शब्दांत उरकायचीस. माझं अर्धं पान त्यातच जायचं आणि आई म्हणायची, "अगं, धडा लिही, कबुलीजबाब नको."

पण चूक मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चर्चच्या पाळकबाईंनी जूनमध्ये तरुणसंघ माझ्याकडे दिला. हो, तोच, आपल्या वेळचा. देवळामागचा हॉल, त्याच घडीच्या लोखंडी खुर्च्या, शनिवारी दुपारी चार वाजता. मुलं नऊ. पाच मुलगे, चार मुली, तेरा ते सतरा वयाची. पहिल्या दिवशी कोणीतरी "ताई" अशी हाक मारली आणि मी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, तू आलीस. नंतर कळलं, ताई म्हणजे मी.

दोन महिने झाले तरी मुलं माझ्याशी पाहुण्यासारखी वागत होती. पाळकबाई म्हणाल्या, "उपदेश कमी कर गं. आधी त्यांच्यात बस. विश्वास अंगणातल्या मांजरासारखा असतो, धावलीस की पळतो." म्हणून मी चिठ्ठ्यांची जुनी पद्धत परत सुरू केली. बिस्किटांचा डबा, प्रत्येकाने आपली विनंती नाव न घालता लिहून टाकायची, मग डबा फिरवायचा, हाताला येईल ती चिठ्ठी घरी न्यायची आणि आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची. मुलगा की मुलगी हे कळू नये म्हणून वाक्य "मी"ने नाही, "मला"ने सुरू करायचं. "मी घाबरतो" म्हटलं की सापडलास, "मी घाबरते" म्हटलं की सापडलीस. "मला भीती वाटते" यात कोणी सापडत नाही. हा नियम तुझ्या वेळेपासूनचा आहे, मी घातलेला नाही.

चिठ्ठ्या आल्या त्या अशा: मला गणितात पास व्हायचंय. मला नवा मोबाईल हवा. मला काही नको, देव बरा आहे. (हे कात्रीचं असणार. ती सोळाची, बोलली की कापते.)

मला वाटलं, एक जरी खरी चिठ्ठी आली तर बाकीची तोंडं उघडतील. म्हणून मीच एक लिहिली. माझं अक्षर त्यांना फळ्यावरून ओळखू येतं, तेव्हा वेगळं दिसावं म्हणून अनुस्वार गोल काढले, आईने शिकवलेले. "टिंब हरवतं, गोल हरवत नाही." शाळेत घातल्यावर बाईंनी पहिल्याच महिन्यात माझी ती सवय मोडली होती. तू कधीच सोडली नाहीस.

आणि वाक्य लिहिलं: "मला वाटतं, घरातलं एक ताट कमी झालं तर कोणाला कळणारही नाही."

ते तुझं आहे. तू सतरा वर्षांची असताना याच डब्यात टाकलेलं. मी अकरा वर्षांची, तुझ्या मागे मागे हॉलमध्ये येऊन बसायचे, चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझं. गोल पाहिले आणि ओळखलं. घरी जाऊन आईला सांगितलं. आईने बाबांना. पुढचं तुला माहीत आहे. तू मला तिळू म्हणायचीस, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. तेव्हा मला ते लाडाचं नाव वाटायचं.

चोरीच्या वाक्याने काम केलं, ताई. ती चिठ्ठी दोरीच्या हाती लागली. दोरी म्हणजे तो उंच, वाकून चालणारा मुलगा. त्याने ती सगळ्यांना वाचून दाखवली, जे करायचं नसतं, आणि म्हणाला, "हे आपल्यातलं कोणी नाही. आपल्यातलं असतं तर कळलं असतं ना?" नऊ चिठ्ठ्या हव्यात तिथे दहा निघाल्या होत्या. पुढच्या शनिवारी आले तर वर्तुळात मुलांच्या नऊ खुर्च्यांबरोबर दहावी मांडलेली. "जास्तीच्या माणसासाठी," दोरी म्हणाला. तेव्हापासून ते नावच पडलं, जास्तीचा. त्या दिवसापासून बाकीच्या चिठ्ठ्याही खऱ्या येऊ लागल्या. वाचताना माझे हात थरथरतात इतक्या खऱ्या.

हे मी मागच्या वेळी लिहिलं नाही. आता ज्यासाठी लिहिते आहे ते सांगते. मी एकच चिठ्ठी टाकली. त्यानंतरचे पाच शनिवार दर वेळी दहा निघतात. दहावीवर अनुस्वार गोल असतात.

त्या मी लिहिलेल्या नाहीत.

तुझी,
तिळू

१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय ताई,

चूक: "हात थरथरतात" हे मी वाढवून लिहिलं होतं. थरथरत नव्हते. काल थरथरले.

आधी खुर्चीबद्दल. मुलांची तिच्याशी थट्टा चालते. "जास्तीच्या, सरक की जरा." "जास्तीच्या, तू तरी हिला सांग गप्प बसायला." हे रेडिओला उद्देशून. रेडिओ पंधरा वर्षांची आहे, आली की सुरू, गेली की कानात शांतता वाजते. प्रार्थनेच्या वेळी आम्ही हात धरतो. खुर्चीच्या दोन्ही बाजूंची मुलं रिकाम्या जागेकडे हात पुढे करून ठेवतात, कोणी धरल्यासारखे, प्रार्थना संपेपर्यंत. मी म्हटलं, खाली ठेवा रे, दुखतील. दोरी म्हणाला, "नाही दुखत. त्या बाजूचा हात उलट गरम होतो."

सगळे हसले. मी डोळे मिटले आणि लगेच मोजायला लागले. माझी वाईट खोड, प्रार्थनेत मध्येच डोळे उघडून मुलं मोजते. दहा भरली. मग लक्षात आलं, मी स्वतःला धरून मोजलं होतं. पुन्हा मोजलं, स्वतःला सोडून. या वेळी कोणाला सोडलं ते मला आठवेना.

काल मी ठरवून डबा आधी स्वतः उघडला. गोल अनुस्वाराची चिठ्ठी कोणाच्या हाती लागण्याआधी बघावी म्हणून. पहिली उघडली, गोल. दुसरी, गोल. ताई, दहाच्या दहा चिठ्ठ्यांवर गोल होते. वेगवेगळी अक्षरं, निळी शाई, काळी शाई, एक पेन्सिल, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ते छोटं उघडं तोंड.

मी विचारलं, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?" आवाज चढला असणार.

कात्री म्हणाली, "तुम्हीच की."

"मी?"

"फळ्यावर असंच लिहिता ना."

मी वळून पाहिलं. त्या दिवशीचं बायबलमधलं वचन मी अर्ध्या तासापूर्वी फळ्यावर लिहिलं होतं. एकाही शब्दावर टिंब नव्हतं. सगळे गोल, नीट, सावकाश काढलेले, आईच्या हाताने काढल्यासारखे. मला ते काढल्याचं आठवत नाही. "कधीपासून?" म्हटलं तर रेडिओ म्हणाली, "बापरे, ताई, खूप दिवस झाले. आम्हाला वाटलं तुमची स्टाईल आहे."

घरी येऊन बाजाराची यादी पाहिली. कांदे, भांडी घासायचा साबण, अंडी. गोल. माझ्या कामावरच्या फाइलींवरही. आणि आता हे पत्र. तू पहिल्या पानावर पाहून घे, मला परत मागे बघवत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या दहांपैकी एक चिठ्ठी अशी: "मला माझ्या दाराची कडी परत हवी आहे."

तुझ्या दाराच्या कडीची गोष्ट या जगात चार माणसांना माहीत होती. आई गेली. बाबा विसरल्याचं दाखवतात. उरलो दोघी. मी चहाडी केली त्या संध्याकाळी बाबांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि तुझ्या खोलीची आतली कडी काढून टाकली, "आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही" असं म्हणत. तू पलंगावर बसून बघत होतीस. मी दारात. आठवड्याने तू घर सोडून गेलीस. दाराला ती चार भोकं अजून आहेत. मी त्या खोलीत झोपते आता, बाबांनी सांगितलं म्हणून.

ताई, तू हॉलमध्ये येतेस का? शनिवारी चारच्या आधी हॉल उघडाच असतो, डबा खिडकीत. तू या गावात परत आली आहेस का? रागावून विचारत नाहीये. तूच असशील तर मला बरंच वाटेल.

मी माझं काम नीट करते आहे, हे तुला कळावं म्हणून सांगते. मुलांच्या घरी जायला लागले आहे. बुधवारी रेडिओच्या घरी गेले होते, तिच्या आईशी चांगल्या गप्पा झाल्या, चहा घेतला आणि निघाले.

तुझी,
तिळू

१७ सप्टेंबर, बुधवार

ताई,

तुझं पाकीट काल मिळालं.

आत चिठ्ठी नाही हे पाहून मी ते पालथं करून झटकलं. चार स्क्रू टेबलावर पडले. एक घरंगळत जाऊन कपाटाखाली गेला, मी पोटावर झोपून काढला. खाचेत हिरवा रंग आहे, आपल्या दाराचा. तेरा वर्षं तू हे जपून ठेवलेस. मी ते दाराच्या भोकांत घालून पाहिले, हाताने. चारही बसले.

मग पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पाहिला. बारा तारीख. कडीचं मी तुला चौदाला लिहिलं. मुलांनी ती चिठ्ठी डब्यात टाकली तेराला. तू बाराला पाठवलेस.

दिवसभर मी स्वतःला समजावते आहे की पहिल्या पत्रात तुझं ताटाचं वाक्य होतं, ते वाचून तुला स्क्रू आठवले, टाकलेस पाकिटात, संपलं. हे पटण्यासारखं आहे. रात्र झाली नाही तोवर पटतं.

आता चूक. मागच्या पत्रात मी "चहा घेतला आणि निघाले" असं लिहिलं. मध्ये एक वाक्य गाळलं.

रेडिओ परतताना माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत येते. एका शनिवारी ती मला म्हणाली, "ताई, मी घरी खोलीला कडी लावून तासभर बोलत बसते. कोणाशीच नाही. हॉलमध्ये मी बडबडते ना, ते खोटं असतं सगळं. खरं तिथे बोलते. कधी कधी रडते पण. मग छान वाटतं." आणि हसली. "कोणाला सांगू नका हं. वेड लागलंय म्हणतील." मी म्हटलं, नाही सांगणार.

मला तीन दिवस झोप आली नाही. एकटी मुलगी, बंद दार, स्वतःशी बोलणं. माझ्यावर जबाबदारी आहे ना तिची? काही झालं तर? मी सांगितलं नाही म्हणून झालं तर? म्हणून बुधवारी चहा पिताना तिच्या आईला म्हटलं, "ती कडी लावून एकटीच बोलत बसते. काळजीचं नाही, पण लक्ष असू द्या."

बस, एवढंच. तिच्या आई म्हणाल्या, "बरं झालं हो सांगितलंत."

एकदा मी आईला जाऊन सांगितलं होतं तेव्हाही आपली आई हेच म्हणाली होती. बरं झालं सांगितलंस.

हे लिहून झाल्यावर मला कळलं की कडीची ती चिठ्ठी तुझी नाही.

तिळू

२१ सप्टेंबर, रविवार

प्रिय ताई,

चूक: मी लिहिलं की मला कळलं. तेव्हा नुसता संशय होता. कळलं आज, उपासनेनंतर, साडेबाराच्या सुमारास. क्रमाने सांगते.

काल दहावी चिठ्ठी माझ्याच हाती लागली. "मी थकले. पुढच्या शनिवारी माझी खुर्ची मांडू नका."

"मी." सहा आठवडे कोणी नियम मोडला नव्हता. आणि "थकले." थकलो नाही. हॉलमध्ये मुली चार. पाचवी मी, सहावी तू. मी तिथे उभी राहून खरोखर हा हिशेब करत होते, ताई. मला स्वतःचीही खात्री नव्हती. फळ्यावरचे गोल मी काढले ते मला आठवत नाही, मग हे कशावरून नाही?

मुलं गेल्यावर कात्री खुर्च्या मिटायला थांबली. मी तिला चिठ्ठी दाखवली. ती दाखवायची नसते, पण दाखवली. तिने वाचली आणि पहिल्यांदाच काही कापणारं बोलली नाही.

"कोण आहे हा जास्तीचा?" मी विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला खरंच माहीत नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली. "ज्याची पाळी असेल तो. ज्याला खरंखुरं सांगायचंय तो दोन चिठ्ठ्या टाकतो. एक अशीच, पास होऊ दे वगैरे. एक जास्तीच्याची. जास्तीच्यासाठी सगळे प्रार्थना करतात ना, म्हणून. कोणाची पाळी ते विचारायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"आणि पहिली?"

"पहिली कोणी टाकली ते माहीत नाही. त्याच्यावरून तर सुरू झालं." तिने खुर्ची मिटली. "आणि तेवीस ऑगस्टची. ती पण कोणीच टाकली नाही."

"कशावरून?"

"आम्ही विचारलं एकमेकांना. तेवढ्यापुरता नियम मोडला."

तेवीस ऑगस्टची चिठ्ठी माझ्याकडे आहे, जपून ठेवलेली. "मला समजलं, की नाव ठाऊक नसतानाही तुम्ही माझं नाव घेतलं." अक्षर माझ्यासारखं आहे. तुझ्यासारखंही आहे. आपल्या दोघींचं अक्षर एकाच पाटीवर झालं, काय सांगणार. तू लिहिलं असलंस तर कधीतरी सांग. मी लिहिलं असलं तर तेही मला कोणीतरी सांगायला हवं. ते कळायची वाट मात्र आता बघणार नाही. त्या चिठ्ठीला घाई नाही, कालच्या चिठ्ठीला आहे.

आज उपासना सुटल्यावर तिचं गीतांचं पुस्तक देवळात राहिलं असं सांगून मी रेडिओच्या घरी गेले. घरात पाहुणे, रविवारचं जेवण, वडील वर्तमानपत्रात. तिची खोली बाहेरच्या खोलीलाच लागून आहे. दार उघडंच होतं, आता ते उघडंच असतं. आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, चार भोकं. ताजी, पांढरी, कडांना लाकडाचा भुसा.

तिच्या आई मागून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. दुसऱ्याच दिवशी यांनी काढून टाकली. आता जाता येता डोकावतो आम्ही. हसती खेळती असते हो, तसं काही नाही."

रेडिओ आतून येताना काहीतरी बडबडत होती, शेजारच्या कुत्र्याबद्दल. तिने मला दाराकडे बघताना पाहिलं. वाक्य अर्ध्यातच थांबलं. ती मुलगी गप्प असताना कशी दिसते हे मी आजपर्यंत पाहिलं नव्हतं. पलंगावर बसून बघणाऱ्या तुझ्यासारखी दिसते.

"ताई, पाणी आणू?" एवढंच म्हणाली.

तिच्या आई हलेनात. एकटीला गाठणं शक्य नव्हतं. त्यांच्यासमोर बोलले असते तर तिचं उरलंसुरलंही मी उघड्यावर मांडलं असतं. तशीच उठले. दारात येऊन तिला विचारलं, "उद्या शाळा किती वाजता सुटते तुझी?"

"साडेचार." मग हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही असं, "का? हेही सांगायचंय कोणाला?"

मी "नाही" म्हटलं. तिने मान हलवली, आपण खोटं बोलणाऱ्या लहान मुलासमोर हलवतो तशी. चप्पल घालता घालता मी तिला म्हटलं, "पुढच्या शनिवारी खुर्ची मांडणार आहे मी. कोणी काहीही लिहू दे." ती आत गेली नाही, मी कोपरा वळेपर्यंत दाराशी उभी होती. एवढ्यावर मी आजची रात्र काढायची आहे. पाळकबाईंना तिचं नाव न घेता विचारलं, एका मुलीचा जीव टांगणीला आहे, थांबू का? त्या म्हणाल्या, "दाराशी उभी राहिली ना? मग रात्र जाईल. पण उद्याचा दिवस चुकवू नकोस. आणि मी फोन जवळ ठेवते."

मला कायम वाटायचं की सांगून टाकलं की माझं ओझं उतरतं, आणि ते उतरणं म्हणजेच प्रामाणिकपणा. तेरा वर्षांपूर्वी उतरलं, ते तुझ्या दारावर पडलं. या महिन्यात उतरलं, ते तिच्या. मुलांना मी पहिल्या चिठ्ठीचं खरं सांगणार आहे, पण कधी आणि किती ते आधी रेडिओला विचारून. जास्तीच्याच्या मागे आज ती उभी आहे. तो पडदा मी एकटीने ओढायचा नाही.

काल बाजारातून एक कडी आणली, साधी, पितळी. सोबत स्क्रू होते, ते काढून ठेवले. तुझे चार रुमालात बांधले आहेत, आणि बाबांचा तोच स्क्रूड्रायव्हर. मागताना त्यांना सांगितलं कशाला हवाय ते. बाबा बराच वेळ ड्रॉवरमध्ये हात घालून उभे होते. मग म्हणाले, "स्क्रू सैल बसू नये म्हणून आधी भोकांत काडी घाल." आणि खिशातली काड्यापेटी दिली.

ती नको म्हणाली तर कडी पिशवीत घेऊन परत येईन. हो म्हणाली तर तिच्याबरोबर तिच्या आईवडिलांसमोर बसेन आणि चूक माझी होती, तिची नाही, हे सांगेन. ती जे सांगेल, ते ती स्वतः सांगेल. मी तोंडात तीळ धरून बसणार आहे, ताई, भिजेपर्यंत.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा होऊन गेलेलं असेल. म्हणून दिवस आणि वेळ आधीच लिहून ठेवते, पुढच्या पानावर चूक शोधायची वेळ आली तर कुठून शोधायची ते आपल्या दोघींना कळावं. शाळेच्या फाटकापाशी, उद्या, सोमवार, बावीस सप्टेंबर, दुपारी साडेचार.